केळीचा गाभा व कापसाचा तंतु

खानदेशांतील शेतकऱ्याच्या दारीं दोन पिकें आज किती पिढ्या नांदत आहेत. तापी व तिला मिळणाऱ्या सातपुड्याच्या लहान नद्यांच्या कांठीं, रावेर, यावल, चोपडा या तालुक्यांतील गाळवट जमिनींत केळीच्या बागा. आणि धुळ्यापासून जळगांवच्या पलीकडे पसरलेल्या काळ्या रानांत कापूस. एका पिकास पाणी किती दिलें तरी पुरत नाहीं, दुसरें बहुधा आकाशाकडे पाहूनच वाढतें. बाजारांत, कर्जाच्या वहींत व लग्नकार्याच्या बेतांत हीं दोन्ही पिकें एकत्र येतात. परंतु जीवशास्त्राच्या दृष्टीनें पाहूं गेल्यास त्यांचें नातें याहून निराळें व अधिक कुतूहलजनक आहे. केळीचा सारा संसार एका न थांबणाऱ्या पेशीविभाजनावर उभा आहे. कापसाचा तंतु म्हणजे विभाजनाचें काम कायमचें सोडून दिलेली एकच एक पेशी होय. वाढत्या शरीरांत पेशींनीं केव्हां विभागावें, कोठें थांबावें, आणि हें ठरवितें कोण, हा प्रश्न गेल्या सव्वाशें वर्षांत कसकसा उलगडत गेला, याचा इतिहास या दोन पिकांच्या आधारानें वाचकांपुढें ठेवण्याचा आमचा विचार आहे.

वाढ हा शब्द आपण फार सैल वापरतों. मूल वाढलें, रोप वाढलें, देणें वाढलें. सर्वांस एकच क्रियापद. परंतु सजीव शरीर दोन रीतींनीं वाढतें. पेशींची संख्या वाढते ही एक रीति, आणि आहेत त्याच पेशी फुगतात वा लांबतात ही दुसरी. भिंत लांबवावयाची तर विटा अधिक लावाव्या किंवा वीटच मोठी पाडावी, तसा हा प्रकार. पेशी ही पेशीपासूनच जन्मते, हें तत्त्व जर्मन वैद्य फिर्शो यानें १८५५ त मांडलें व १८५८ च्या आपल्या व्याख्यानांत पक्कें केलें. पुढें फ्लेमिंगनें १८८२ त, सालामांडर नांवाच्या प्राण्याच्या पिलांतील पेशी रंगवून, विभाजनाच्या वेळीं केंद्रकांतील सूत्रें कशीं जाड होतात, उभीं चिरलीं जातात व दोहींकडे वांटलीं जातात, याचें सविस्तर वर्णन छापलें. विभाजन होतें कसें, याचें चित्र येणेंप्रमाणें एकोणिसाव्या शतकांतच हातीं आलें होतें. तें केव्हां सुरू व्हावें व केव्हां थांबावें, याची मात्र कोणासच कल्पना नव्हती.

आतां केळीकडे वळूं. जिचा उभा खांब पाहून आपण त्यास खोड म्हणतों तें खोड नव्हेच. पानांच्या देठांचीं आवरणें एकावर एक घट्ट गुंडाळून तो खांब झालेला असतो. खरें खोड म्हणजे जमिनींतील कंद. या कंदाच्या माथ्यावर, अगदीं गाभ्यांत, नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसेल एवढा एक नाजूक घुमट असतो. हाच केळीचा वर्धनबिंदु. तो एकामागून एक पानें काढीत राहतो. तीसचाळीस पानें झालीं, कीं एके वेळीं पानें काढण्याचें सोडून फुलें काढूं लागतो, व मग जमिनीच्या पातळीपासून खांबाच्या पोटांतून वर चढत जाऊन केळफुलाच्या रूपानें बाहेर डोकावतो. बाग निसवली असें आपण म्हणतों, तेव्हां कांहीं नवीन घडलें असें वाटतें. वास्तविक घडास फण्या किती यावयाच्या, हें त्यापूर्वीं कित्येक आठवडे, खांबाच्या काळोखांत, त्या घुमटानें ठरवून टाकलेलें असतें. घड बाहेर पडल्यावर दिलेल्या खतानें फळ भरेल, जाड होईल; फणी एकहि वाढणार नाहीं. संख्या आधीं व गुपचूप ठरते, आकार मागाहून व सर्वांदेखत. ही गोष्ट ज्या बागाइतदारास उमगली, त्यास खताचें वेळापत्रक निराळें शिकवावें लागत नाहीं.

थंडीचा परिणाम पाहिला तरी हेंच दिसतें. मृगबाग व कांदेबाग असे लागवडीचे दोन हंगाम खानदेशांत रूढ आहेत. पहिला मृगाच्या पावसावर, दुसरा दिवाळीच्या आगेंमागें. सातपुड्यावरून गार वारा सुटला, कीं बागेंत नवें पान निघण्यास विलंब लागतो, आणि निसवण्याच्या बेतांत आलेला घड कधीं कधीं खांबाच्या गळ्यांतच अडकून बसतो. पान कमी निघालें म्हणजे वर्धनबिंदूंतील पेशी कमी वेळां विभागल्या, इतकाच त्याचा अर्थ. पारा व घड यांच्यामध्यें ती टिचभर जागा उभी आहे.

खाण्याच्या केळ्यांत बीं नसतें, हें आपल्या इतकें अंगवळणीं पडलें आहे कीं त्यांत नवल वाटत नाहीं. रानटी केळ्यांत मात्र मिऱ्यांहून मोठीं, दांत मोडतील अशीं कठीण बिया भरलेलीं फळें येतात. आपल्या बागेंतील केळींत गुणसूत्रांचे दोनाऐवजीं तीन संच असतात. अकराचे तीन, म्हणजे तेहतीस. तिघांची जोडी लागत नाहीं, म्हणून बीज तयार होत नाहीं. आणि परागाची वाट न पाहतां फळाचा गर मात्र वाढतो. अर्थात् या झाडास वंश चालविण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे कंदास फुटणारे मुनवे. लग्नावांचून चाललेला हा संसार होय. बसराई म्हणा, श्रीमंती म्हणा, अथवा आजची ग्रँड नैन म्हणा, हे सगळे प्रकार एकाच कुळींतले असून, पूर्वीं केव्हां तरी उगवलेल्या एका झाडाचेंच तें अखंड विभाजन आहे. मधल्या काळांत झाड मेलें असेल हजारों वेळां, पण पेशींची सांखळी तुटलेली नाहीं. ग्रँड नैन या फ्रेंच नांवाचा अर्थ मोठी बुटकी असा आहे, हें येथें गमतीखातर सांगून ठेवतों.

मुनवा हीहि एक विचार करण्यासारखी वस्तु आहे. कंदाच्या अंगावर डोळे पुष्कळ असतात, परंतु सगळे एकदम फुटत नाहींत. मधला गाभा जोंवर जोमांत आहे, तोंवर तो भोंवतालच्या डोळ्यांस दाबून ठेवतो. हें दाबणें कशानें होतें, याचा उलगडा १९३३-३४ त थीमान व स्कूग या दोघांनीं घेवड्याच्या जातीच्या रोपांवर केला. त्यापूर्वीं १९२८ त हॉलंडमध्यें व्हेंट यानें ओटच्या कोंबाच्या शेंड्यांतून एक द्रव्य अगरच्या तुकड्यांत उतरवून घेतलें होतें. त्यास पुढें ऑक्झिन हें नांव पडलें. शेंडा खुडून त्या जागीं ऑक्झिन लावलें, तर शेंडा नसतांहि खालचे डोळे झोपूनच राहतात, असें या दोघांस दिसून आलें. म्हणजे घरांतील वडील माणूस गेलें तरी त्याचा धाक शिल्लक ठेवतां येतो! सह्याद्रीच्या कड्यांवर पावसाळ्यांत दिसणारी रानकेळ, जिला कांहीं ठिकाणीं चवेणी म्हणतात, ती तर या बाबतींत पराकाष्ठेची कडक. तिला मुनवे फुटतच नाहींत, ती एकदां फळते व मरते, आणि बियांवरच तिचा वंश चालतो. केळीच्याच कुळांतील दोन घरें, एकांत सगळें मुनव्यांवर व दुसऱ्यांत सगळें बियांवर. असें वैचित्र्य एकाच पिढीजात मालमत्तेंत क्वचितच आढळेल.

हें झालें रोपावरचें. परंतु शरीरापासून तोडलेली पेशी एकटी विभागेल काय? हा प्रश्न प्रथम धीटपणें विचारला तो हाबरलांट या ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञानें. १९०२ त त्यानें आपला निबंध प्रसिद्ध केला. पानांतील सुट्या पेशी साखरेच्या व क्षारांच्या द्रावणांत त्यानें आठवडेच्या आठवडे जिवंत ठेवल्या. त्या फुगल्या, त्यांनीं पिष्ट सांठविलें, त्यांच्या भिंती जाड झाल्या. विभागली मात्र एकहि नाहीं. आकार वाढला, संख्या वाढली नाहीं. शास्त्राच्या इतिहासांत फसलेल्या प्रयोगांस जी जागा मिळावयास हवी ती बहुधा मिळत नाहीं. हाबरलांटचा प्रयोग मात्र अपवाद ठरला, कारण पेशीस अन्नाखेरीज आणखी कांहीं तरी लागतें, हें त्या अपयशानेंच शिकविलें. पुढें १९१३ त बटाट्याच्या कापावर त्यालाच असें आढळलें, कीं रसवाहिन्यांचा अंश जवळ असला तरच कापलेल्या भागांतील पेशी विभागतात. तें कांहीं तरी रसांतून वाहत येत होतें. १९३४ त व्हाइट यानें अमेरिकेंत टोमॅटोचें तोडलेलें मूळ कांचेंत वाढतें ठेवलें, व १९३९ त व्हाइट, गोत्रे व नोबेकूर या तिघांनीं स्वतंत्रपणें वनस्पतींचे पेशीपुंज अमर्याद काळ वाढविण्याची वाट मोकळी केली.

यानंतरचा दुवा आपल्या ओळखीचा आहे. १९४१ त फान ओव्हरबेक व त्याच्या सहकाऱ्यांनीं धोतऱ्याचे कोंवळे गर्भ कांचेंत वाढवितांना शहाळ्याचें पाणी घालून पाहिलें, आणि इतर कशानें न जगणारे गर्भ त्यानें वाढूं लागले. नारळ आपल्या गर्भास पोसण्यासाठीं जें पाणी सांठवितो, त्यांत पेशींस विभागण्याचा हुकूम देणारें द्रव्य होतें. पूजेच्या प्रत्येक नारळांत तें आजवर आपल्या हातांतून गेलें आहे. १९५८ त स्टुअर्डनें गाजराच्या सुट्या पेशींपासून संबंध रोप तयार केलें, तेंहि याच पाण्याच्या जोरावर.

परंतु द्रव्य कोणतें? या शोधाची हकीकत जरा विस्तारानें सांगण्यासारखी आहे. वर ज्याचें नांव आलें तो स्कूग पुढें अमेरिकेंत विस्कॉन्सिन विद्यापीठांत स्थिरावला होता व तंबाखूच्या खोडांतील भेंड कांचेंत वाढवीत होता. नुसतें ऑक्झिन दिलें तर भेंडाच्या पेशी अवाढव्य फुगत; विभागत नसत. त्याचा सहकारी मिलर यानें नाना पदार्थ घालून पाहिले, आणि कपाटांत पडून असलेली, हेरिंग माशाच्या शुक्रद्रव्यापासून काढलेल्या न्यूक्लिइक आम्लाची एक जुनी बाटली वापरतांच पेशी सपाट्यानें विभागूं लागल्या. आनंदानें नवी बाटली मागविली, तिच्यानें कांहींच होईना. शेवटीं ध्यानांत आलें तें असें, कीं तें आम्ल जुनें होऊन मोडलें म्हणजेच हें सामर्थ्य त्यांत उपजतें, व ताजें आम्ल दाबाच्या वाफेंत शिजविलें तरीहि उपजतें. त्या शिजविलेल्या मालांतून १९५५ त शुद्ध द्रव्य वेगळें झालें, त्याचें नांव कायनेटिन. वनस्पतींत आपोआप असणारें त्याच जातीचें द्रव्य, झिआटिन, पुढें १९६३ त मक्याच्या कोंवळ्या दाण्यांतून लेथामनें मिळविलें. शिळ्या बाटलीनें शास्त्रास वाट दाखवावी, हें स्वच्छतेच्या भोक्त्यांस रुचणार नाहीं; पण घडलें तसें खरें.

१९५७ त स्कूग व मिलर यांनीं जें दाखविलें तें याहूनहि मोठें होतें. ऑक्झिन व कायनेटिन हीं दोन्ही हवींत. परंतु एकाचें प्रमाण अधिक असेल तर त्याच भेंडास मुळें फुटतात, दुसऱ्याचें अधिक असेल तर कोंब फुटतात, आणि समतोल असेल तर आकारहीन गोळा वाढत राहतो. रोपाचें रूप हुकुमांच्या प्रमाणावर अवलंबून आहे. आमच्या मतें विसाव्या शतकांतील वनस्पतिशास्त्रांत इतकी साधी व इतकी फलद्रूप गोष्ट दुसरी नाहीं. १९६२ त मुराशिगे या त्याच्या शिष्यानें स्कूगबरोबर क्षारांचें एक मिश्रण प्रसिद्ध केलें. आज जगांतील बहुतेक प्रयोगशाळांत तेंच मिश्रण बाटल्यांत ओततात.

आपला देश या उद्योगांत मागें नव्हता. दिल्लीस शिप्रा गुहा व सतीशचंद्र माहेश्वरी यांनीं १९६४ त धोतऱ्याच्या परागकोशांतून एकसंची रोपें वाढविलीं, हा जगांतला पहिला तसा दाखला. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेंत जगन्नाथन्, मस्कारेन्हस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं सागाचीं रोपें कांचेंत तयार करण्याची रीति १९८० त प्रसिद्ध केली. आणि तेथूनच १९९० त बांबूस कांचेंतच फुलें आणल्याचें वृत्त बाहेर पडलें, तेव्हां जगभर खळबळ उडाली. ज्या झाडाच्या फुलण्यास माणसाचें अर्धें आयुष्य वाट पाहावी लागते, तें बाटलींत कांहीं महिन्यांत फुललें होतें.

जळगांवास ही विद्या आली ती विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत. ठिबक सिंचनाच्या नळ्यांचा कारखाना काढणारे भवरलाल जैन यांनीं जळगांवाजवळील टेकडीवर प्रयोगशाळा उभी केली व ग्रँड नैनचीं रोपें शेतकऱ्यांपर्यंत पोंचविलीं. शास्त्रीय पुस्तकांत जिला ऊतिसंवर्धन म्हणतात, तिला रावेर-यावलकडचा शेतकरी नुसतें टिश्यू म्हणतो. तलवारीच्या पात्यासारख्या अरुंद पानांचा निरोगी मुनवा निवडून, सोलत सोलत गाभ्याचा लहानसा चौकोनी तुकडा घेतात. तो जंतुरहित करून मुराशिगे-स्कूग मिश्रणावर ठेवतात व त्यांत कायनेटिनच्या जातीचें द्रव्य मुद्दाम अधिक घालतात. दाबून ठेवलेले डोळे आतां एकामागून एक जागे होतात. तीन-चार आठवड्यांनीं झुबका सुटा करून पुन्हां नव्या बाटल्यांत; असें कांहीं वेळां केलें, कीं एका मुनव्याचीं शेंकडों रोपें होतात. मग प्रमाण उलटवून मुळें फोडतात, आणि सावलीच्या शेडमध्यें व पिशव्यांत त्यांस बाहेरच्या हवेची संवय लावतात. मुनव्यांच्या बागेस दीड वर्ष लागे, तेथें टिश्यूची बाग चांगल्या निगराणीवर अकरा-बारा महिन्यांत कापणीस येऊं लागली. शिवाय सगळे घड जवळजवळ एकदम, त्यामुळें गाडी भरणें सोपें. या बदलानें तापीकांठच्या घरांत काय आणलें हें तेथील पक्कीं घरें व मुलांचीं शिक्षणें सांगतात.

घाईची किंमतहि आहे. पेशी फार वेळां व फार जलद विभागूं लागल्या, कीं त्यांच्या नकलेंत चुका शिरतात. कोणतें रोप खुरटें निघतें, कोणाचीं पानें अरुंद वा चट्टेदार होतात, कोणाचा घड विचित्र येतो. म्हणून जबाबदार प्रयोगशाळा बाटल्यांचे फेरे सात-आठांवर नेत नाहींत, व शेडमधील वेगळें दिसणारें रोप उपटून टाकतात. दुसरी गोष्ट विषाणूंची. वर्धनबिंदूच्या टोंकापर्यंत विषाणु बहुधा पोंचत नाहीं, या आधारावर मोरेल व मार्टिन यांनीं १९५२ त डालियाचीं रोगमुक्त रोपें काढलीं होतीं. परंतु केळीचा तुकडा व्यवहारांत त्याहून मोठा घेतात, आणि मूळ मुनवाच रोगट असला तर रोगाच्याहि शेंकडों प्रती निघतात. काकडीवरील मोझॅक विषाणूनें २०२० च्या पावसाळ्यांत रावेर-यावलकडे कित्येक बागा उपटावयास लावल्या. हा रोग मावा नांवाच्या किडीकडूनहि पसरतो, तेव्हां सर्व दोष रोपांवर टाकणें बरोबर होणार नाहीं. तथापि भारत सरकारनें २००६ त टिश्यूच्या रोपांकरितां प्रमाणनाची जी पद्धति घालून दिली, तिचा दाखला रोप घेतांना मागणारे शेतकरी थोडेच, हें म्हणणें भाग आहे.

एवढ्यानें हुकूम कोणाचा हें कळलें. तो पाळतो कोण? या प्रश्नाचें उत्तर निराळ्याच दालनांत सांपडलें. १९५३ त हॉवर्ड व पेल्क यांनीं घेवड्याच्याच जातीच्या मुळांवर दाखविलें होतें, कीं दोन विभाजनांच्या मधला काळ रिकामा नसतो. त्यांतील ठराविक भागांतच पेशी आपल्या आनुवंशिक द्रव्याची दुसरी प्रत काढते. पुढें हार्टवेलनें पावाच्या किण्वावर व नर्स यानें आफ्रिकेंतील बाजरीच्या मद्यांतून मिळालेल्या किण्वावर, विभाजन अडून राहिलेले नमुने गोळा करून, त्याचे पहारेकरी शोधले. टिम हंट यानें १९८२ च्या उन्हाळ्यांत समुद्री साळूच्या अंड्यांत एक प्रथिन पाहिलें, जें हळूहळू सांठतें व प्रत्येक विभाजनाबरोबर एकाएकीं नाहींसें होतें; त्यास त्यानें सायक्लिन म्हटलें. हंटचें प्रथिन नर्सच्या पहारेकऱ्यास जागें करणारी किल्ली निघाली, व १९८७ त तोच पहारेकरी मनुष्याच्या पेशींतहि सांपडला. या तिघांस २००१ चें नोबेल पारितोषिक मिळालें. साळू, किण्व, मनुष्य व केळ यांच्या पेशी एकाच कुलुपाच्या आहेत. १९९९ त इंग्लंडांत असें सिद्ध झालें, कीं कायनेटिनच्या वर्गांतील द्रव्यें रोपांत एका विशिष्ट सायक्लिनचीच भरती करतात, आणि तें सायक्लिन भरपूर असलें तर बाहेरून द्रव्य न देतांहि पेशी विभागतात. स्कूगची बाटली व हंटचें अंडें येथें एकत्र आलीं.

गाभा मात्र नुसता विभागत सुटत नाहीं. तसें झालें असतें तर त्याचा कधींच गोळा झाला असता. मोहरीच्या कुळांतील अराबिडॉप्सिस नांवाच्या तणावर २००० च्या सुमारास जो उलगडा झाला तो असा. घुमटाच्या आंतील थोड्या पेशी वरच्या पेशींस मूळपद टिकवून ठेवण्याचा निरोप पाठवितात. त्या निरोपाच्या घटकास वुशेल म्हणतात. वरच्या पेशी उलट क्लाव्हाटा नांवाचा निरोप खालीं धाडतात, तो वुशेलला आवर घालतो. वरच्या पेशी फार झाल्या कीं आवर वाढतो, कमी झाल्या कीं आवर सुटतो. पानें निघून जात राहतात, पण घुमट तेवढाच राहतो. टांकींत पाणी भरलें कीं तरंगणारा गोळा तोटी बंद करतो, तशी ही योजना आहे.

कापसाची कथा याच्या बरोबर उलट. फूल उमलतें त्या दिवसाच्या आगेंमागें, भावी सरकीच्या बाह्य आवरणांतील सुमारें चारांतली एक पेशी बाहेर फुगूं लागते. ती पुन्हां कधींहि विभागत नाहीं. पंधरा-वीस दिवस ती नुसती लांबत जाते. अमेरिकन जातींत अडीच-तीन सेंटिमीटर, म्हणजे आपल्या जाडीच्या हजारपट. मग आंतून सेल्युलोजचे थर बसतात, आणि बोंड उकलल्यावर ती सुकून चपटी होते. जिचा आपण धागा काढतों ती ही मेलेली पेशी. एका सरकीवर अशा दहा हजारांहून अधिक पेशी असतात. किती पेशींनीं हा मार्ग धरावयाचा, हें फूल उमलल्यापासून चारदोन दिवसांत कायम होतें. केळीच्या फण्यांप्रमाणेंच येथेंहि संख्या आधीं ठरते, लांबी मागाहून. त्या थोडक्या दिवसांत पाण्याचा ताण बसला, तर मागून आलेला पाऊस सर्व नुकसान भरून देऊं शकत नाहीं.

खानदेशाच्या अर्थकारणांत या लांबीनें मोठाच गोंधळ घातला आहे. जुना देशी कापूस सव्वीस गुणसूत्रांचा, काटक, परंतु आखूड धाग्याचा. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवींत लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना, तेव्हां हिंदुस्थानांतील भाव भडकले व खानदेशाच्या काळ्या जमिनीवर साऱ्यांचे डोळे लागले. पण युद्ध संपतांच आखूड धाग्याची तक्रार पुन्हां सुरू झाली. लांब धाग्याची अमेरिकन जात, जिचीं गुणसूत्रें बावन्न, येथें रुजविण्याचे प्रयत्न त्यानंतर पिढ्यान्पिढ्या चालले. पेशी किती दिवस व किती वेगानें लांबते, या एका प्रश्नावर दोन खंडांतील गिरण्या, सावकार व कुणबी यांचें नशीब टांगलेलें होतें, आणि त्यांपैकीं कोणासहि तो प्रश्न त्या रूपांत ठाऊक नव्हता. अमेरिकेंत बीस्ली व टिंग यांनीं १९७३-७४ त न फळलेलीं बीजांडें द्रावणावर तरंगत ठेवून दाखविलें, कीं ऑक्झिन व जिबरेलिन हीं दोन द्रव्यें दिलीं तर फलधारणेवांचूनहि तंतु वाढतात.

आतां एका उपद्व्यापी जंतूची गोष्ट सांगावयाची राहिली. झाडांच्या बुंध्यावर गांठी आणणारा ॲग्रोबॅक्टेरियम हा जंतु १९०७ त स्मिथ व टाउनसेंड यांनीं ओळखला. जंतु मेला तरी गांठ वाढतच राहते, हें ब्राउननें १९४० नंतरच्या दशकांत दाखविलें. आणि १९७७ त चिल्टन व तिच्या सहकाऱ्यांनीं कारण सांपडविलें. जंतु आपल्या आनुवंशिक द्रव्याचा तुकडा झाडाच्या पेशींत घुसवून देतो, व त्या तुकड्यावर ऑक्झिन आणि सायटोकायनिन बनविण्याचे हुकूम लिहिलेले असतात. स्कूगनें बाटलींत जें केलें, तें हा चोर झाडांत करीत आला होता. माणसानें या चोरासच नोकरीस ठेवलें. गांठीचे हुकूम काढून टाकून त्या जागीं बोंडअळीस मारणाऱ्या प्रथिनाचा हुकूम बसविला, तो कोकर ३१२ या अमेरिकन कापसाच्या पेशींत सोडला, आणि त्या पेशींपासून संबंध झाड उभें केलें. कोकरच कां, तर सुट्या पेशींपासून पुन्हां झाड होण्याची तयारी कापसाच्या फार थोड्या जातींत असते व ती या जातींत होती. त्या झाडापासूनचा गुण संकरानें आपल्याकडील वाणांत आणला गेला, व मार्च २००२ मध्यें भारत सरकारनें त्याच्या लागवडीस परवानगी दिली. धुळें-जळगांवकडील बहुतेक सर्व कापूस थोड्याच वर्षांत या एका घटनेचा वारस झाला. शेंदरी बोंडअळीनें पुढें त्या प्रथिनास दाद देण्याचें सोडलें, व २०१७ च्या हंगामांत महाराष्ट्रांत तिनें जो हाहाकार केला तो अद्याप कोणी विसरलेलें नाहीं. २०११ त चीनमधून आलेलें वृत्त निराळें आहे. त्याच जंतूचा ऑक्झिन बनविणारा हुकूम तेथील शास्त्रज्ञांनीं फक्त बीजांडाच्या आवरणांत, तंतु फुटण्याच्या वेळींच जागा होईल असा बसविला. तेव्हां अधिक पेशींनीं तंतूचा मार्ग धरला व रुईचें प्रमाण वाढलें. गांठ आणणारा हुकूम जागा व वेळ बदलतांच कामाचा झाला.

कापसांत निदान बीं आहे, संकर आहे, निवड आहे. केळीचें तसें नाहीं, आणि म्हणून आम्हांस केळीची काळजी अधिक वाटते. एकाच गाभ्याच्या प्रती हजारों हेक्टरांवर उभ्या असतात. जो रोग एकीस मारील तो साऱ्यांस मारील. ग्रो मिशेल नांवाच्या केळीवर अमेरिका खंडाचा सारा व्यापार एकेकाळीं चाले. जमिनींतून येणाऱ्या फ्युसेरियम बुरशीच्या मर रोगानें १९६० च्या सुमारास तिचा बाजार उठविला, व तिच्या जागीं ग्रँड नैनचें कूळ आलें, कारण त्यास तो रोग होत नव्हता. त्याच बुरशीचा नवा प्रकार, ज्यास उष्ण कटिबंधांतील चवथी जात म्हणतात, या कुळासहि मारतो. तो आग्नेय आशियांतून पसरत येऊन बिहार व उत्तर प्रदेशांतील बागांत पोंचला आहे. मुनवे, माती, पाट व बुटांचे तळवे हीं त्याचीं वाहनें. आणि एकदां जमिनींत शिरला कीं दशकेंच्या दशकें तेथेंच राहतो. औषध नाहीं.

या रोगाशीं तैवानांत १९८० नंतर जो झगडा झाला, त्यांत उपाय मिळाला तो टिश्यूच्या दोषांतूनच. तेथील केळी संशोधन संस्थेनें बाटल्यांतून आलेलीं रोपें मुद्दाम रोगट जमिनींत लावलीं. बहुतेक मेलीं. थोडीं, ज्यांच्या नकलेंत विभाजनाच्या घाईनें फरक पडला होता, तीं तगलीं. त्यांतून पुन्हां निवडून, पुन्हां बाटल्यांत वाढवून जो वाण निघाला त्यास फॉर्मोसाना म्हणतात, व तो रोगट जमिनींतहि बऱ्यापैकीं पीक देतो. त्याचें झाड ग्रँड नैनहून उंच व घड थोडा उशिरां येणारा असल्यामुळें बागाइतदारास तो एकदम पसंत पडत नाहीं. जळगांवच्या शेडमध्यें वेगळें दिसतें म्हणून दररोज जें रोप उपटून टाकलें जातें, तसल्याच रोपांच्या वंशांतला तो आहे.